व्हीएम चालू का होत नाही? एका एररमागचा चाळीस वर्षांचा इतिहास

दिवाळीत कोऱ्हाळे बुद्रुकला घरी होते. रात्री जेवणं उरकल्यावर चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन आला. चेहरा पडलेला. "ताई, व्हीएम चालू होत नव्हती म्हणून एक सेटिंग बदललं. व्हीएम चालू झाली, पण आता विंडोजच उघडेना."

तो एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे पीएचडी करायचं डोक्यात आहे. विषय आपल्याच भागातला, नीरा डाव्या कालव्याखालच्या क्षारपड जमिनी. कालवा १८८५ चा. १९१० मध्येच हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या कृषी खात्यातल्या अभ्यासकांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती, म्हणजे प्रश्न नवा नाही. त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला एक तयार व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, दिली होती. तिच्यात विश्लेषणाचं जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं बसवलेलं. लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही. लिनक्समध्ये ही व्हीएम चालवायची, आणि वर्षभर शेताशेतातून जमवलेली मातीची मोजमापं विंडोजच्या बाजूला.

लिनक्सचं अपडेट आलं आणि व्हीएम उघडायची बंद झाली. एरर होती: कर्नलचा ड्रायव्हर लोड झालेला नाही. त्यानं एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं होतं, बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूट बंद करा. त्यानं केलं. व्हीएम धावली. पण विंडोज उघडायला गेला तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती कुठं ठेवली आहे हे त्याला आठवेना. मोजमापांची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

मी आधी एकच गोष्ट केली: सिक्युअर बूट परत चालू केलं. विंडोज उघडलं. पहिलं काम म्हणून सगळी मोजमापं पेन ड्राइव्हवर घेतली. व्हीएम अर्थातच परत बंद पडली. ती नीट चालू करायला पंधरा मिनिटं लागली. पण "असं का?" हे समजावून सांगायला दोन दिवस गेले, कारण त्याचं उत्तर सेटिंगमध्ये नाही, इतिहासात आहे. माझं संशोधन संगणकाच्या सुरू होण्याच्या इतिहासावर आहे, म्हणून ते दोन दिवस इथं लिहून काढते.

सांगायचं आहे ते एकच. सुरू होतानाची सुरक्षेची एरर म्हणजे बिघाड नसतो. एक थर दुसऱ्या थरावर विश्वास ठेवायला नकार देत असतो. आणि प्रत्येक नकारामागं कधीतरी घडलेली एक खरी घटना असते. ती घटना माहीत असली की कुठं बघायचं ते कळतं. माहीत नसली की आपण सगळ्याच कड्या काढून टाकतो.

पहिला सेक्टर

आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला. तो सुरू व्हायची पद्धत अगदी साधी होती. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत घ्यायचा आणि त्यातल्या सूचना पाळायला लागायचा.  त्या सूचना कुणी लिहिल्या, कधी लिहिल्या, याची चौकशी नाही.

इथंच दार उघडं राहिलं. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा 'ब्रेन' व्हायरस आला. तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतः बसायचा आणि मूळ सेक्टर दुसरीकडं हलवायचा. आपण लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती शोधण्यासाठी तो केला असं भावांचं म्हणणं होतं, आणि त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातले होते.

फ्लॉपीत ऑपरेटिंग सिस्टीम नसली तरी पहिल्या सेक्टरमध्ये छोटा प्रोग्राम असायचाच. "ही सिस्टीमची डिस्क नाही" हा संदेश तोच प्रोग्राम दाखवायचा. म्हणजे ड्राइव्हमध्ये चुकून राहिलेल्या फ्लॉपीसकट मशीन चालू केलं आणि हा संदेश दिसला, तर तोपर्यंत व्हायरस मेमरीत जाऊन बसलेला असायचा.

हॅपी बर्थडे जोशी

जून १९९० मध्ये भारतात एक नवा बूट व्हायरस सापडला. जगभरच्या व्हायरस याद्यांमध्ये त्याचं नाव 'जोशी'. सव्वापाच इंची फ्लॉपीवरून तो पसरायचा आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्येही घुसायचा. पाच जानेवारीला मशीन अडकायचं आणि पडद्यावर हुकूम यायचा की "हॅपी बर्थडे जोशी" असं टाइप करा. केलं की मशीन सुटायचं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथं एक मिनिट थांबावं. नाव जोशी, म्हणून व्हायरस पुण्यातल्या कुणी लिहिला, असं अनुमान मी गप्पांत बऱ्याचदा ऐकलं आहे. पण जोशी आडनाव गुजरातेत आहे, उत्तराखंडात आहे, नेपाळातही आहे. शिवाय ज्याचा वाढदिवस तोच लेखक असं थोडंच असतं? पुरावा फक्त एवढाच सांगतो की व्हायरस भारतात सापडला आणि त्यात हे नाव होतं. पुराव्याच्या पुढं एक पाऊलही टाकायचं नाही, ही सवय एरर वाचतानाही कामाला येते.

माझ्या विषयासाठी वाढदिवसापेक्षा जोशीची दुसरी खोड महत्त्वाची आहे. तो मेमरीत असताना एखाद्या प्रोग्रामनं हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचायला मागितला, तर तो खरा सेक्टर दाखवायचा नाही. जपून ठेवलेला मूळ, स्वच्छ सेक्टर पुढं करायचा. ब्रेनही फ्लॉपीच्या बाबतीत हेच करायचा. म्हणजे तपासणारा प्रोग्राम कितीही चांगला असला तरी तो नंतर आलेला, आणि जो आधी येऊन बसला त्याच्याच डोळ्यांनी तो बघणार. संसर्ग झालेल्या मशीनला "तुला संसर्ग झालाय का?" असं विचारून उपयोग नव्हता. म्हणून त्या काळात स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करून मगच तपासायचं, असा नियम होता.

पुढची सगळी सुरक्षा याच एका धड्यावर उभी आहे: जो आधी सुरू होतो, तो नंतरच्याला फसवू शकतो. म्हणून तपासणी सर्वांत आधीपासून सुरू झाली पाहिजे.

धोक्याची घंटा आणि तिचा कंटाळा

नव्वदच्या दशकात या व्हायरसांशी झगडण्याचं काम बरंचसं दुरुस्तीच्या दुकानांत झालं. पुण्यातलं ठळक उदाहरण काटकर बंधूंचं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले, पुढं संगणक दुरुस्ती करू लागले. धाकटे संजय मॉडर्न कॉलेजात संगणक शिकत होते. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसनं बिघडलेली असायची. त्यातून १९९५ मध्ये डॉससाठी 'क्विक हील' बाजारात आलं.

त्याच सुमाराला बायोस बनवणाऱ्यांनीही उपाय काढला. अवॉर्ड बायोसमध्ये 'व्हायरस वॉर्निंग' नावाचं सेटिंग आलं. पहिल्या सेक्टरवर कुणी लिहायला गेलं की पडद्यावर इशारा. कल्पना चांगली, पण नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवतानाही पहिला सेक्टर लिहावाच लागतो. डिस्क तपासणारे प्रोग्रामही तिथं हात घालतात. मग इशारा खोटा ठरायचा. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच सल्ला असायचा की असे प्रोग्राम चालवण्याआधी हे सेटिंग बंद करा.

"आधी सुरक्षा बंद करा, मग काम करा" या सल्ल्याचं मूळ इतकं जुनं आहे. भावानं बघितलेला व्हिडिओ त्याच परंपरेतला. यात दोष वापरणाऱ्याचा नव्हता. त्या सेटिंगला फक्त "कुणीतरी लिहितंय" एवढंच कळायचं, कोण लिहितंय ते कळायचं नाही.

यंत्राच्या पोटात यंत्र

व्हर्च्युअल मशीनचा इतिहास याला समांतर चालतो आणि प्रत्यक्षात याहून जुना आहे. आयबीएमनं मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केली. एकाच यंत्रावर अनेक जणांना स्वतंत्र यंत्र असल्यासारखं काम करता यायचं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी असं यंत्र बनवण्यासाठी प्रोसेसरमध्ये काय असावं लागतं याच्या अटी मांडल्या. पीसीचे प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये सॉफ्टवेअरच्या युक्तीनं ते जमवलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच सोय केली. जर्मनीच्या इनोटेक कंपनीचं व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये मुक्त स्रोत झालं, २००८ मध्ये ते सनकडं आणि २०१० मध्ये ओरॅकलकडं गेलं.

२००६ मध्ये हे दोन इतिहास एकमेकांना भिडले. मिशिगन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी 'सबव्हर्ट' नावाचा प्रयोग मांडला. सुरुवातीच्या टप्प्यात बदल करून आधी व्हर्च्युअल मशीनचा थर सुरू करायचा आणि मूळ ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या पोटात चालवायची. तिला पत्ताच नाही की आपण आता खऱ्या यंत्रावर नाही. जोशी एक सेक्टर खोटा दाखवत होता, इथं अख्खं यंत्रच खोटं दाखवलं. त्याच वर्षी जोआना रुटकोव्स्का यांनी चालू विंडोज यंत्राला अशाच थरात ओढणारी 'ब्लू पिल' दाखवली.

म्हणजे व्हर्च्युअल मशीन हे निव्वळ सोयीचं साधन राहिलं नाही. ज्या थराला इतकी ताकद आहे, त्याला आत घेताना चौकशी होणारच.

सही म्हणजे काय, आणि काय नाही

१९९७ मध्ये आर्बॉ, फार्बर आणि स्मिथ यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांची मांडणी अशी: प्रत्येक थरानं पुढच्या थराची सही तपासायची आणि मगच त्याच्या हाती कारभार द्यायचा. सुरुवात फर्मवेअरपासून. हीच ती विश्वासाची साखळी. २०११ मध्ये यूईएफआयच्या २.३.१ या आवृत्तीत 'सिक्युअर बूट' म्हणून तिला प्रमाणित रूप मिळालं, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ते घरोघरी पोचलं. फर्मवेअरमध्ये दोन याद्या असतात. एक मान्य सह्यांची, दुसरी रद्द केलेल्यांची.

भावाला हे सातबाऱ्यावरून समजलं. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्या सहीनं दोन गोष्टी कळतात: उतारा कुणी दिला आणि दिल्यानंतर त्यात कुणी फेरफार केलेला नाही. पण त्यावरची नोंद मुळातच चुकीची असेल तर सही ती दुरुस्त करत नाही. सिक्युअर बूटही तसंच. सही असलेला प्रोग्राम चांगलाच आहे असं ते म्हणत नाही, अमुक एकानं याची जबाबदारी घेतली आहे एवढंच म्हणतं.

मग प्रश्न आला, सही कुणाची? बहुतेक पीसींमध्ये मान्य यादीत मायक्रोसॉफ्टच्या चाव्या होत्या. लिनक्सवाल्यांना २०११ मध्येच काळजी वाटली की स्वतःच्या मशीनवर स्वतःची सिस्टीम बसवायलाही दुसऱ्याची परवानगी लागणार. तोडगा निघाला तो 'शिम'. मॅथ्यू गॅरेट यांनी हा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि पुढची तपासणी तो लिनक्सच्या चाव्यांनी करतो. त्यात सुसेच्या लोकांनी सुचवलेली 'मॉक' ची सोय आली, म्हणजे मशीनच्या मालकानं स्वतः नोंदवलेली चावी. मालकाचा हक्क असा परत मिळाला, फक्त तो वापरायला थोडे कष्ट पडतात.

एरर कुठल्या थराची आहे?

एवढा इतिहास हाताशी असला की व्हीएमच्या एरर एकाच पोत्यात भरल्यासारख्या वाटत नाहीत. कोण कुणाला अडवतंय ते दिसतं.

*कर्नल ड्रायव्हरला अडवतो.* लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरला कर्नलमध्ये स्वतःचं मॉड्यूल घालावं लागतं. सिक्युअर बूट चालू असेल तर प्रमुख लिनक्स वितरणांचं कर्नल सही नसलेलं मॉड्यूल घेत नाही. कर्नल अपडेट झालं की मॉड्यूल नव्यानं बनतं, आणि त्यावर ओळखीच्या चावीची सही नसेल तर ते दाराबाहेरच राहतं. भावाची अडचण हीच होती.

*व्हीएमचं सॉफ्टवेअर स्वतःलाच तपासतं.* विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सच्या ४.३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०१४ पासून, 'हार्डनिंग' आलं. व्हीएमच्या प्रक्रियेत शिरणारी प्रत्येक फाइल सहीनं तपासली जाऊ लागली. कारण खरं होतं: याच सॉफ्टवेअरचा एक जुना, सही असलेला पण सदोष ड्रायव्हर टुर्ला या हेरगिरी करणाऱ्या टोळीनं विंडोजची तपासणी बंद पाडायला वापरला होता. पण अँटिव्हायरसही दुसऱ्याच्या प्रक्रियेत आपल्या फाइल घालतात, आणि विंडोजची थीम बदलण्यासाठी लोक सही नसलेल्या फाइल बसवतात. आवृत्ती आल्याबरोबर अनेकांच्या व्हीएम सुरू व्हायच्या थांबल्या. अशा वेळी व्हीएमच्या फोल्डरमधला हार्डनिंगचा लॉग उघडावा. कुठली फाइल नाकारली तिचं नाव त्यात असतं.

*व्हीएमचं आतलं फर्मवेअर पाहुण्या सिस्टीमला अडवतं.* मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये दुसऱ्या पिढीच्या व्हीएम २०१३ मध्ये आल्या. त्यांच्या आतही सिक्युअर बूट असतं आणि ते मुळातच चालू असतं. त्यातला आपोआप निवडला जाणारा साचा फक्त विंडोजची सही मानतो. लिनक्स बसवायला गेलं की "ही सही मान्य यादीत नाही" अशी एरर येते. २०१६ पासून साचा बदलून लिनक्सची सही मानणारा साचा निवडता येतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमच्या आतलं सिक्युअर बूट आणि टीपीएम २०२२ च्या ७.० आवृत्तीत आलं. त्याआधीच्या वर्षी आलेल्या विंडोज ११ ला दोन्हींची अपेक्षा होतीच.

*काल चाललेली सही आज रद्द होते.* जुलै २०२० मध्ये ग्रब या बूटलोडरमधली 'बूटहोल' ही त्रुटी जाहीर झाली. सही असलेले सगळे जुने ग्रब एकदम संशयित ठरले. त्यांना एकेक करून रद्द यादीत घालायचं तर फर्मवेअरमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून पिढीच्या क्रमांकावरून रद्द करण्याची 'एसबॅट' ही पद्धत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं असा क्रमांक पुढं सरकवला आणि दोन सिस्टीम असलेल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स उघडेना. तिथं लिनक्सचं शिम आणि ग्रब अद्ययावत करणं हा कायमचा उपाय असतो.

आणि भावाचं विंडोज? त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती आणि तिची चावी टीपीएम चिपमध्ये होती. मशीन नेहमीच्याच परिस्थितीत सुरू झालं तरच चिप ती चावी देते, आणि सिक्युअर बूट चालू आहे की बंद हा त्या परिस्थितीचा भाग असतो. कुणीतरी कडी काढली आहे एवढंच चिपला दिसलं. तिनं चोर समजून दार लावलं. तिचं बरोबरच होतं.

ती पंधरा मिनिटं

लिनक्समध्ये मॉड्यूलवर सही करायची चावी तयार झालेली होतीच. अपडेटच्या वेळी एक पासवर्डही मागितला गेला होता, आणि त्यानं तो दिलाही होता. पण मशीन परत सुरू होताना एक निळा पडदा येतो: मॉक व्यवस्थापन, दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा. तो चहा घ्यायला उठला होता. दहा सेकंद गेले, मशीन पुढं निघालं, चावी नोंदवलीच गेली नाही.

आम्ही चावी नोंदवायची विनंती परत केली, मशीन परत सुरू केलं, या वेळी बटण दाबलं, चावी नोंदवली, पासवर्ड दिला. मॉड्यूल लोड झालं. व्हीएम उघडली. विंडोजही उघडलं. एकही कडी काढावी लागली नाही.

हा पडदा असा का आहे, हे आता कळेल. चालू सिस्टीममध्ये घुसलेला प्रोग्राम स्वतःची चावी स्वतःच नोंदवू शकला असता तर सगळंच फुकट. म्हणून सिस्टीम सुरू व्हायच्या आधी, मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या हातूनच ही नोंद होते. जोशीच्या काळातला "आधी स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करा" हा नियम इथं वेगळ्या रूपात भेटतो.

तुमची व्हीएम अडली तर सेटिंगला हात लावण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा. नेमकी एरर अक्षरशः काय आहे. ती कोण देतंय: फर्मवेअर, कर्नल, व्हीएमचं सॉफ्टवेअर की आतलं फर्मवेअर. शेवटचं चाललं तेव्हापासून काय बदललं. आणि मी जे बदलणार आहे त्यावर आणखी काय काय अवलंबून आहे. चौथा प्रश्न भावानं विचारला नव्हता. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, आणि मोजमापांची दुसरी प्रत आजच काढा.

प्रबंधात साधनांची माहिती देताना सॉफ्टवेअरची आवृत्ती आपण लिहितो. तिच्या जोडीला कर्नलची आवृत्ती, व्हीएमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सिक्युअर बूटची स्थितीही लिहा. २०११ मध्ये दिलेल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. आधी सही झालेले बूटलोडर त्यामुळं लगेच बंद पडत नाहीत, पण नव्यांवर नव्या चाव्यांच्या सह्या येणार, आणि ज्या मशीनच्या यादीत त्या चाव्या नाहीत ते मशीन त्यांना अडवणार. पाच वर्षांनी तुमची व्हीएम कुणी उघडायला गेलं आणि उघडली नाही, तर तुमच्या त्या चार ओळींवरून त्याला कळेल की बिघाड कुठं शोधायचा.

भावानं दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून रिकव्हरी की लिहिली. मग कालव्याखालच्या शेतातले मातीचे नमुने आणायला गेला.